रविवारचे नऊ फोटो

१९९४ सालच्या एप्रिलमधला पहिला शनिवार. रक्कम तीन हजार पाचशे रुपये. हजर तिघे : कॅमेरा विकणारे भूपाल चौगुले, तो विकत घेणारे साताऱ्याचे फोटो स्टुडिओवाले देशमाने, आणि मी.

मिरजेतल्या ज्या हॉस्पिटलात चौगुले एक्स-रे टेक्निशियन होते, तिथेच मी हिशेब विभागात होतो. माझं घर साताऱ्याला. आठवडाभर मी मिरजेत खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी घरी जायचो. त्या शनिवारी चौगुले रजा टाकून माझ्याबरोबर निघाले. मिरजेत आणि सांगलीत कॅमेरा घेणारी दुकानं असताना सव्वाशे किलोमीटर एस.टी.त बसून साताऱ्याला यायचं कारण मी विचारलं. ते म्हणाले, "जवळ विकला तर येता-जाता काचेत दिसेल. लांब असलेला बरा."

देशमान्यांनी कॅमेरा डोळ्याला लावून पाहिला, लेन्सवर फुंकर मारली, कातडी कव्हरची बटणं उघडून लावून पाहिली.

"एवढा जपलेला कॅमेरा माझ्याकडं कुणी आणला नव्हता. विकताय कशाला?"

"झाले," चौगुले म्हणाले.

"काय झाले?"

"फोटो काढून झाले."

शंभराच्या पस्तीस नोटा देशमान्यांनी एकदा मोजल्या, चौगुल्यांनी एकदा. ते पायऱ्या उतरले. मी चष्म्याचं घर आत राहिलं असं सांगून परत फिरलो आणि देशमान्यांच्या हातात आणखी दोनशे रुपये ठेवले. ते माझे नव्हते. आदल्या संध्याकाळी चौगुल्यांच्या पत्नी विमलवहिनी यांनी ते मला फाटकाशी गाठून दिले होते.

"काळे भाऊजी, हे त्या दुकानदाराला द्या. लगेच विकू नका म्हणावं. ह्यांना कळू देऊ नका. वीस वर्षांचं खूळ हाय, असं एका महिन्यात जात न्हाई."

देशमाने म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठेवतो. पुढं मला परवडणार नाही." मी त्याची पावती घेतली आणि पाकिटात ठेवली. चष्म्याचं घर खिशातच होतं.

चौगुल्यांची ओळख करून द्यायची तर आधी नऊ हा आकडा सांगायला हवा. एका रोलवर छत्तीस फोटो, महिन्याचे रविवार चार, म्हणजे एका रविवारी नऊ. पाचवा रविवार आलाच तर त्या दिवशी फक्त कॅमेरा पुसायचा. दहावा फोटो त्यांनी कुठल्याही रविवारी काढला नाही. कृष्णा घाटावर हत्ती आंघोळीला आला तेव्हा त्यांचे नऊ संपलेले होते. ते पायरीवर बसून हत्ती नुसता बघत राहिले, आणि सोमवारी मला तो एवढा बारकाईनं सांगितला की फोटोची गरजच उरली नाही.

फिल्म कृष्णधवल. मोठा डबा आणून रोल ते घरीच भरायचे आणि न्हाणीच्या खिडकीला काळं कापड लावून तिथेच धुवायचे. हॉस्पिटलची डार्करूम दिवसभर त्यांच्या ताब्यात असे, पण तिथलं चमचाभर औषध घरच्या रोलला लागलं नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्या औषधांचा साठा दर तीन महिन्यांनी मीच तपासत होतो. प्रत्येक फोटोची नोंद वहीत : तारीख, जागा, उजेड कुठून होता, काय दिसलं. अक्षर बारीक, खाडाखोड नाही. ती वही पाहूनच मी त्यांचा मित्र झालो.

माणूस बुटका, सडपातळ, चालताना थोडा डावीकडे कललेला, कारण वीस वर्षं कॅमेऱ्याची पिशवी त्याच खांद्यावर. जेवण सूर्य मावळायच्या आत. त्यांच्या जैन घरातली ती रीत, आणि त्यांना ती सोयीचीही वाटायची. म्हणायचे, "उजेड गेला की फोटोही संपले आणि जेवणही. मग संध्याकाळ सगळी मोकळी."

फोटो काढताना ते कुणालाही हसायला सांगत नसत. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा," एवढंच. एक्स-रेच्या टेबलावर दिवसातून चाळीसदा जे म्हणायचं तेच कॅमेऱ्यामागेही तोंडातून यायचं. एकदा आम्ही हॉस्पिटलचे तेवीस जण महाबळेश्वरला गेलो होतो. मोठ्या डॉक्टरांनी हुकूम सोडला म्हणून चौगुल्यांनी सगळ्यांचा एक फोटो काढला. "श्वास घ्या" म्हटल्याबरोबर बावीस छात्या फुगल्या. धुक्यानं मागची दरी दिसेनाशी झाली, तरी चौगुले "सोडा" म्हणेनात. शेवटी मेट्रन म्हणाल्या, "अहो, सोडायला सांगा, नाहीतर तुमचंच गिऱ्हाईक होईन."

त्या फोटोचा प्रिंट मात्र कुणाला मिळाला नाही. मागितला की ते निगेटिव्हची पट्टी खिडकीकडे धरायचे. "हा काय, दिसताय की तुम्ही. डावीकडून सातवे." आम्हाला तिथे काळे चेहरे आणि पांढरे केस दिसायचे. एक्स-रे म्हणजे निगेटिव्हच. आयुष्यभर तेच वाचल्यामुळे चौगुल्यांना पट्टी वर धरली की सगळं सरळ दिसायचं. निगेटिव्ह धुऊन वाळला की त्यांच्या लेखी फोटो पूर्ण झाला. वीस वर्षांत त्यांनी पन्नास प्रिंटही केले नसतील. हा त्यांचा दोष होता, आणि तो दोष आहे हे त्यांना फार उशिरा कळलं.

दुसरी एक गोष्ट. त्यांना हात आवडायचे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न साताऱ्याला झालं, ते रविवारी होतं. चौगुल्यांनी नऊ फोटो काढले आणि माझ्या बायकोनं आग्रह करून, म्हणजे जवळजवळ भांडून, त्यांच्याकडून प्रिंट करून घेतले. जिलेबी सोडणारा हात, सनईवर बसलेली बोटं, अक्षता धरलेल्या चार मुठी, चपलांचा ढीग आणि असंच पुढे.

"चौगुले भाऊजी, ह्यात नवरी कुठे आहे?" बायकोनं विचारलं.

त्यांनी चौथा फोटो पुढे केला. "ही काय. मेंदी."

"आणि तोंड?"

"तोंडाला तुम्ही माणूस ठेवलाय की, हजार रुपये देऊन."

माझ्या बायकोनं हे पुढची पाच वर्षं प्रत्येक समारंभात सांगितलं.

हातांचा हा नाद त्यांना कासीमचाचांच्या दुकानात घेऊन गेला. चाचा मिरजेतले तंबोरे करणारे. अरुंद दुकान, पुढे एक खिडकी, भिंतीला टांगलेले वाळलेले भोपळे. पहिल्या रविवारी चौगुल्यांनी फोटो काढू का असं विचारलं, तेव्हा मीही बरोबर होतो; त्या शनिवारी घरी गेलो नव्हतो. चाचांनी भोपळ्यावरचा हात काढला नाही.

"काढा की. पर तोंड नको. आमच्यात जुन्या लोकांना आवडत न्हाई. हात काय करत्यात ते काढा. तोंडात काय ठेवलंय."

चौगुल्यांना हवंच होतं ते. ते म्हणाले, "कबूल."

"आवं, बसा मग. चहा सांगतो."

अकरा वर्षांत ते पस्तीस रविवार त्या दुकानात बसले. पस्तीस नव्वे तीनशे पंधरा. त्यांतले तीन उजेड लागून खराब झाले. राहिले तीनशे बारा. भोपळा कापणारे, दांडी तासणारे, खुंटी फिरवणारे, लाख लावणारे हात. आणि जवारी काढणारे. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर आवाज नुसता वाजत नाही, उघडतो. ती जवारी. तंबोरा सगळा घरातल्यांनी मिळून केला तरी जवारी चाचा स्वतः काढायचे, खिडकीशी बसून, कुणाशी न बोलता. मुलगा रफिक तेव्हा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. तो लाकूडकाम शिकला होता, भोपळ्याचं शिकला होता, पण जवारीच्या वेळी त्याची कारखान्यात पाळी असायची. बघायला हजर असायचे ते चौगुले.

१९९४ च्या जानेवारीत कासीमचाचा गेले. आठ दिवसांनी रफिक हॉस्पिटलात आला. चाचांनी आयुष्यात कधी फोटो काढून घेतला नव्हता, आणि आता त्याच्या आईला एक हवा होता.

"एक द्या. लहान असला तरी चालंल. मोठा करून घेतो."

चौगुले म्हणाले, "तोंडाचा नाही."

"कुठल्यातरी कोपऱ्यात आलं असंल की."

"नाही. एकातही नाही."

रफिक म्हणाला, "अकरा वर्षं येत होता. आमच्या चटईवर बसून चहा पिलात. माझ्या बापाचं तोंड एकदा बी काढावंसं वाटलं न्हाई तुमाला?"

मला सगळं माहीत होतं, मी तोंड उघडणार होतो. चौगुल्यांनी माझ्या दंडाला धरलं. रफिक गेल्यावर मी म्हणालो, "चाचांनीच नको म्हटलं होतं हे सांगायचं नाही का?"

"गेलेल्या माणसावर ढकलू?"

त्यानंतरचे दोन रविवार त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, पण फोटो काढला नाही. तिसऱ्या रविवारी बाहेर काढलाही नाही. मी काही कमी समजावलं नाही. प्रत्येक वेळी ते एकच बोलायचे : "काळे, तीनशे बारा फोटो, आणि मागायला आलेल्या माणसाला द्यायला एक नाही. मग मी काय करत होतो?" एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्याला गेलो ते वर सांगितलंच आहे.

कॅमेरा गेल्यावर ते बदलले म्हणजे काही खंगले वगैरे नाहीत. नोकरी चोख. एक्स-रे पूर्वीइतकेच स्वच्छ. पण रविवार त्यांना आवरेना. जूनमध्ये विमलवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मांडणीवरले डबे तीनदा उतरवून पुसले. आता डब्यांवर आकडे चिकटवलेत. तूरडाळ नंबर चार. शेजारीण हसती. तुमच्या त्या देशमान्याला विचारा, नुसता हातात धरायला देतो का."

"देईल की. दिवाळीपर्यंत आपलाच आहे."

"आपला कुठला. माझा हाय, दोनशे रुपयांचा."

सप्टेंबरात, एका मंगळवारी, मी बिलांची पुस्तकं न्यायला एक्स-रे विभागात उभा होतो. रफिक चिठ्ठी घेऊन आत आला. उजवं मनगट सुजलेलं. दोघं जानेवारीनंतर एकमेकांशी बोलले नव्हते. चौगुल्यांनी चिठ्ठी वाचली आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "नाव?"

"रफिक कासीम."

"हात इथं ठेवा. तळवा खाली. हलू नका."

फोटो घेऊन झाला. हात उचलून देताना चौगुल्यांनी तो सोडला नाही. मनगट फिरवून पाहिलं, करंगळीच्या बाजूला दाबलं. "कशानं?"

"कानशीनं."

"जवारी?"

रफिक मान खाली घालून बोलला. त्यानं कारखाना सोडला होता आणि तो वडिलांच्या जागी बसला होता. साताऱ्याच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी चाचा असताना सांगून ठेवलेली तंबोऱ्यांची जोडी त्यानं पुरी करून पाठवली, ती परत आली. लाकूड चांगलं, भोपळा चांगला, आवाज बंद. घोडी तीनदा बदलली. "आवाज उघडंना. दिवाळीनंतर बाईंचा कार्यक्रम हाय. तवर झालं न्हाई तर त्या दुसरीकडं बघणार, आणि त्यांच्या मागनं बाकीचे बी."

चौगुल्यांनी टेबलावरची पेन्सिल त्याच्या डाव्या हातात दिली. "कानस कशी चालवता, दाखवा."

रफिकनं पेन्सिल पुढे ढकलली.

"ढकलता?"

"मग काय करत्यात?"

"ओढायची. चाचा ओढायचे. कोपर गुडघ्यावर टेकलेलं, मनगट हलायचं नाही."

"तुमाला काय म्हाईत?"

"मी बघितलंय. अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी, दुसरा रविवार. त्या दिवशीचे नऊच्या नऊ फोटो जवारीचेच आहेत." मग म्हणाले, "उद्या दुपारी या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून निगेटिव्हची पट्टी आणि चाचांच्या दुकानातल्या फोटोंची वेगळी वही आणली. एक्स-रे बघायच्या पांढऱ्या पेटीवर पट्टी लावली, भिंग रफिकच्या हातात दिलं.

"हे सगळं उलटं हाय," रफिक म्हणाला. "हात काळा, मागं पांढरं."

"उलटं कसलं. कोपर बघा की, गुडघ्यावर आहे."

"तुमाला दिसतंय. मला नुसतं भूत दिसतंय."

चौगुल्यांनी भिंग घेतलं, स्वतः पाहिलं, परत दिलं. रफिकनं पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. मग चौगुल्यांनी मला बोलावलं. मीही प्रामाणिकपणे सांगितलं की मला एक हात कळतो, दुसरा कळत नाही, आणि गुडघा तर मुळीच नाही.

"तुम्हालासुद्धा? एवढी वर्षं दाखवतोय तुम्हाला मी."

"एवढी वर्षं मी हो म्हणतोय."

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं फोटो फक्त मी एकट्यानं बघितले."

तोवर रफिक वही चाळत होता. त्याला जवारीच्या रविवारची नोंद शोधायची होती, पण तो पहिल्याच पानावर थांबला. तिथे लिहिलं होतं : कासीमचाचा, तंबोरे. तोंड काढायचं नाही म्हणाले. कबूल केलं.

त्यानं ती ओळ दोनदा वाचली असावी. "हे त्या दिवशी का बोलला न्हाई?"

चौगुले पट्टी पाकिटात घालत होते. "तुमचे वडील होते. त्यांचं माझं ठरलं होतं. तुमच्याशी काय बोलायचं त्यात?"

रफिकनं वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "प्रिंट कुठं निघत्यात?" त्यानं विचारलं.

मिरजेत, सांगलीत तोवर रंगीत फोटोंची यंत्रं आली होती आणि कृष्णधवल प्रिंट करायला कुणी राजी नव्हतं. देशमान्यांकडे प्रिंट काढायचं जुनं एन्लार्जर होतं, ते मी एप्रिलमध्ये पाहिलं होतं. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. देशमान्यांची डार्करूम फ्रेम आणि पुठ्ठे ठेवायची खोली झाली होती. "चार वर्षं लाल दिवा लागला नाही," ते म्हणाले. सामान बाहेर काढून खोली पुसायला तासभर गेला. कागदाचं जुनं पाकीट उपयोगाचं निघालं नाही, दुसरं निघालं.

खोलीत चौघांना उभं राहायला जागा नव्हती. मी दाराशी, पडद्याच्या आत. चौगुल्यांनी पहिला कागद औषधात सोडला आणि ट्रे एका कोपऱ्यानं हलवत राहिले. आधी कागदावर काही नव्हतं. मग खिडकीची कड आली, मग अंगठा, मग कानस, मग हळूहळू अख्खा हात.

रफिक वाकला. पाच-सात सेकंदांनी म्हणाला, "नखाला लाख लागलीया. कायम असायची. अम्मी ओरडायची जेवताना."

"पुढचा," चौगुले म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. आठ महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. दुसरा प्रिंट फिका आला, त्यांनी तो फाडला आणि पुन्हा केला. चौथा तीनदा केला. देशमाने म्हणाले, "अहो, आलाय की चांगला." चौगुले म्हणाले, "मनगटाची शीर दिसत नाही. ती दिसली तर जोर कुठं आहे ते कळेल ह्याला." दुपारी एकपासून सव्वाचारपर्यंत ते त्या खोलीत उभे होते. नऊ प्रिंटना सतरा कागद लागले. जेवणाची आठवण मी करून दिली तेव्हा ते म्हणाले, "सूर्य आहे अजून."

ओले प्रिंट आम्ही बाहेरच्या फरशीवर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. रफिक खाली मांडी घालून बसला, एक गुडघा वर घेतला, त्यावर कोपर टेकवलं आणि पेन्सिल ओढून पाहिली. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी थांबला.

"डावा अंगठा खालनं लावलाय."

"हो. घोडीच्या पोटाला. घासताना चाचा सारखे चाचपायचे."

"मला वाटायचं वरनं नुसतं नजरेनं बघत्यात." त्यानं पेन्सिलीखाली अंगठा धरला, पुन्हा ओढली, पुन्हा. मग सहाव्या आणि सातव्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्यांच्या मधी काय झालं? सातव्यात घोडी फिरलीया."

चौगुले उकिडवे बसले. "मधे त्यांनी घोडी खिडकीच्या उजेडाला आडवी धरली होती. माथ्यावरून उजेड सरकतो कसा ते बघत होते."

"त्याचा फोटो?"

"नाही काढला. सहा झाले होते. शेवटपर्यंत पुरले पाहिजेत म्हणून हात आवरला."

असं म्हणून ते सहाव्या आणि सातव्या फोटोंमधल्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. तिथे वर्तमानपत्राची चार बोटं पट्टी होती. रफिकनं विचारलं, "कशी धरली, दाखवता का?" चौगुल्यांनी त्याचा हात धरून दाखवलं, खिडकीकडे, तिरका. मग उठले, गुडघे झटकले आणि देशमान्यांना म्हणाले, "तो कॅमेरा कोणी नेला?"

"कुणी नाही."

"काचेत तर दिसला नाही."

देशमान्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाकिटातून पावती काढून चौगुल्यांना दिली. त्यांनी ती वाचली. दोनशे रुपये, दिवाळीपर्यंत, सौ. विमल चौगुले यांजकडून.

"हिनं?"

"आदल्या दिवशी."

"ती तर मला म्हणाली होती, ब्याद गेली."

"मला म्हणाल्या, खूळ जात नाही."

देशमान्यांनी आतल्या कपाटातून कॅमेरा आणला. तो टॉवेलात गुंडाळलेला होता. चौगुल्यांनी तो घेतला, डोळ्याला लावला नाही, नुसता वजन करावं तसा हातात धरला. "पुढच्या शनिवारी पैसे घेऊन येतो. पतसंस्थेत ठेवलेत, काढावे लागतील."

"आजच न्या की. पैसे कुठं पळतायत."

"नाही. पैसे दिल्यावर नेईन. तेवढं करा, सतरा कागदांचे किती झाले ते आज घ्या."

देशमान्यांनी कागदाचे पैसे घेतले नाहीत. पाकीट जुनं होतं, आज ना उद्या फेकायचंच होतं, असं म्हणाले. तसं ते नव्हतं. फेकायचं पाकीट आधीच फेकून झालं होतं.

रफिकची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. पहिल्या दोन घोड्या त्यानं फोटो पाहूनही बिघडवल्या. तिसरी लागली. दिवाळीच्या आठवड्यात साताऱ्याच्या बाईंनी जोडी ठेवून घेतली. चौथा प्रिंट त्याच्या आईनं मागून घेतला. त्या घरात भिंतीवर फोटो लावत नाहीत, म्हणून तो तिनं कपाटात, चाचांच्या चष्म्याशेजारी ठेवला. आणि रफिकनं चौगुल्यांना निरोप पाठवला की रविवारी चहा असतो.

पुढच्या शनिवारी मी चौगुल्यांबरोबर पुन्हा देशमान्यांकडे होतो. सोमवारी संध्याकाळी, साडेपाचला, मी त्यांच्या घरावरून जात होतो. जेवणं आटोपलेली होती. अंगणात विमलवहिनी लोखंडी खुर्चीत बसल्या होत्या, पदर सारखा करून. चौगुले दहा फुटांवर, कॅमेरा डोळ्याला लावून. सोमवार असूनही कॅमेरा बाहेर होता. मी फाटकाशी थांबलो.

"हात मांडीवर घे," ते म्हणाले.

"हात न्हाई. वीस वर्षं हातच काढले. तोंड काढा."

"बरं. श्वास घे. धरून ठेव."

"किती वेळ?"

"बोलू नकोस."

त्यांनी एक काढला, दोन पावलं पुढे जाऊन दुसरा काढला, तिरके होऊन तिसरा. मी मोजत होतो. दहाव्यालाही ते थांबले नाहीत, तेव्हा मी मोजायचं सोडलं.

देशमान्यांनी किंमत तीच ठेवली होती आणि दोनशेचा विसार त्यात वळता करून घेतला होता. म्हणजे शेवटी देशमाने यांना दिले तीन हजार तीनशे, आणि उरलेले दोनशे विमलवहिनींना, त्याच सोमवारी, माझ्यासमोर. त्यांनी ते मोजून घेतले.